पिवळ्या बांधांचा श्रावण

श्रावणात पिवळे बांध दिसले की माझं डोकं फिरतं. डोकं फिरायला जगात दुसऱ्या गोष्टी कमी आहेत का, असं माझा नवरा विचारतो. कमी नाहीत. पण ही दरवर्षी न चुकता येते आणि अगदी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहते. परवा जळगावहून एस.टी.नं धरणगावकडे निघाले होते. रात्रभर झड लागून सकाळी उघडलं होतं. कपाशी न्हाऊन उभी होती, मका पुरुषभर वाढला होता, नाल्याला गढूळ का होईना पण पाणी होतं. आणि एवढ्या हिरवाईत बांध तेवढे वैशाखातले. तणनाशक मारून वाळलेले, तांबूस पिवळे, पट्टी धरून आखल्यासारखे सरळ. शेजारच्या सीटवरच्या मावशी खिडकीतून बघत कौतुकानं म्हणाल्या, "बांध कसा साफ शे, देखा!" मी काही बोलले नाही. बोलले असते तर धरणगाव येईपर्यंत थांबले नसते.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या विभागाकडे सरकारी योजनेतून एक काम आलं होतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काही विहिरींचं पाणी ठरावीक दिवसांनी गोळा करायचं आणि मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचं. शेतात गवत मारायला जी तणनाशकं फवारतात, ती पावसाबरोबर खाली झिरपून विहिरीत उतरतात का, हे बघत राहायचं. हातपंपाच्या पाण्यात जंतू आहेत का हे बघणारे आपल्याकडे पुष्कळ. हे मात्र कुणी बघत नव्हतं. मी हौसेनं काम अंगावर घेतलं.

त्या पावसाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. जीपमध्ये ओल्या थर्माकोलचा, बर्फाचा, चिखल लागलेल्या चपलांचा. तपकिरी काचेच्या बाटल्या पेटीत एकमेकींना लागून सारख्या किणकिणायच्या. भुईमुगाच्या शेताजवळून जाताना हिरवा, कच्चा वास यायचा, आणि मग अचानक कुठल्या तरी वळणावर घशात बसणारा आंबूस, कडवट भपका. तो आला की न बघता कळायचं, जवळपास कुणाच्या तरी पाठीवर फवारणीचा पंप आहे.

सुमनअक्कांची विहीर धरणगावच्या पुढे, रस्त्याला लागूनच. काठाला घडीव दगड, एका अंगाला उंबर, बाजूला सिमेंटची टाकी आणि टाकीपाशी चार वाफे भाजीपाला. अक्का साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या आणि काटक. नवरा गेल्यावर वावर त्यांनीच कसलं. मुलगा भुसावळला रेल्वेत नोकरीला, सून आणि नातवंडं तिकडेच. पहिल्यांदा मी गेले तेव्हा त्यांच्या कपाशीत निंदणी चालली होती. त्या भागात तोवर निंदणी जवळजवळ संपलीच होती, पण अक्का आपल्या वावरात पंप येऊ द्यायच्या नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या दहा-बारा बाया ओळीनं बसून विळ्यानं गवत काढत सरकत होत्या. कुणीतरी गाणं म्हणत होतं, कुणी कुणाच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होतं. तांदुळजा, घोळ, कुंजर असं खाण्याजोगं काही हाती लागलं की ते गवताबरोबर बांधावर जायचं नाही, कमरेच्या ओटीत जायचं. संध्याकाळी प्रत्येकीच्या ओटीला भाजीचा फुगवटा असायचा. फवारलेल्या वावरात तणाबरोबर ही भाजीही जळते. तिचा हिशेब कुठल्या कृषी मेळाव्यात कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आणि त्या ओळीच्या मागे अक्का, कमरेवर कळशी घेऊन. निंदणाऱ्या बाईला पाणी पाजायचं ते शेताच्या मालकिणीनं, आणि तेही स्वतःच्या हातानं. तांब्या बाईच्या हातात द्यायचा नाही, कारण हात मातीचे. बाईनं ओंजळ तोंडाशी धरायची आणि मालकिणीनं वरून बारीक धार सोडायची. बाई मान हलवेपर्यंत धार तुटू द्यायची नाही. अक्का प्रत्येकीसमोर वाकायच्या. मी बाटल्यांची पेटी घेऊन बांधावर उभी होते, तर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, हात धरा. तुम्ही बी उनातान्हातून येल शेतस." माझे हात स्वच्छ होते, तरी मी ओंजळ धरली. पाणी गार होतं, किंचित मचूळ, आणि शेवटी जिभेवर दगडाची चव सोडणारं.

मग त्यांनी मला टाकीजवळच्या वाफ्यापाशी नेलं. वांग्याची रोपं कडेनं पिवळी पडत आत वाळत आली होती. शेजारच्या वावरात मका. मक्यावाल्याला विहीर नाही, म्हणून तो पंप भरायला अक्कांच्या विहिरीवर यायचा आणि फवारणी झाली की तिथेच पंप खळखळून धुवायचा. ते धुवण विहिरीच्या काठावरूनच परत आत. अक्का एकदा भांडल्या, दोनदा भांडल्या, मग गप्प बसल्या. "त्याले बी वावर शे, मले बी वावर शे. भांडीसन कोठे जाऊत?" असं म्हणाल्या. पण त्यांच्या मनातला किडा काही गेला नव्हता. रोपं जर या पाण्यानं वाळतात, तर बायांचं काय?

"मॅडम, मना एकच सवाल शे," अक्का म्हणाल्या. "हाई पानी पेवानं का नही?"

तपासणी झाल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. रास्तच होतं ते. प्रश्न सोपा होता आणि उत्तर मिळवायला मी पगार घेत होते.

पंधरवड्यानं नमुना घ्यायला गेले तर गाव नुसतं सजलं होतं. विहिरीभोवतीचा चिखल ओढून काढलेला, उंबराखालचा पाला झाडलेला, आणि काठावर प्रल्हादभाऊ हसत उभे. प्रल्हादभाऊ हे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक. जंतू मरावेत म्हणून पाण्यात पावडर टाकायची, हे त्यांचं काम. विहिरीत डोकावले तर इस्पितळाची फरशी पुसल्यासारखा वास आला.

"भाऊ, काय केलंत हे?"

"तुम्ही येनार म्हनीसन कालदिनच दोन डबा पावडर टाकी दिधी. बठ्ठं पानी साफ!"

मी पेटी खाली ठेवली. आणि मग बरंच बोलले. पाणी दूषित निघालं की गावाला लाल कार्ड मिळतं, चांगलं निघालं की हिरवं. लाल कार्ड म्हणजे गावाची नाचक्की, सरपंचाला तालुक्याला जाऊन ऐकून घ्यावं लागतं. म्हणून इकडची गावं एक युक्ती शिकली आहेत: पाणी तपासायला माणूस यायचा म्हटलं की आदल्या दिवशी पावडर. जंतूंच्या तपासणीत हे खपून जातं. पण त्या पावडरीनं काही फवारणीची औषधं पाण्यातल्या पाण्यात बदलतात, आणि मग बाटलीत काय येईल त्यावर विश्वास ठेवता येत नाही. मी हे तावातावानं सांगत होते आणि प्रल्हादभाऊंचा चेहरा उतरत चालला होता. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवावं, आणि पाहुण्यानं सारवलंच का म्हणून ओरडावं, तसं काहीसं त्यांना वाटलं असणार. त्या माणसावर चिडून उपयोग नव्हता. ज्यांनी तपासणीची परीक्षा करून ठेवली, त्यांच्यावर चिडायला हवं होतं. गावाला नापास होण्याची भीती घातली की गाव पाणी सुधारत नाही, उत्तरपत्रिका सुधारतं.

अक्कांनी मात्र मोटर सुरू केली. पुढचे कितीतरी दिवस ती चालू ठेवली, पावसाळ्यात, कपाशीला पाण्याची काडीची गरज नसताना. विहीर उपसून, पुन्हा पाझरून, वास गेला तेव्हा त्यांनी फोन केला. तो दिवस नेमका कानबाईच्या रोटांचा निघाला, श्रावणात घरोघर बसणाऱ्या देवीच्या नैवेद्याचा.

घरात पुरणाचा आणि तुपाचा वास कोंदला होता. कानबाई पाटावर सजून बसलेली, नाकात नथ, गळ्यात लाह्यांची माळ. अक्कांच्या घरी रोटांचं पीठ आपल्याच विहिरीच्या पाण्यानं भिजवायची रीत. त्यांच्या सासूनं भिजवलं, तिच्या सासूनं भिजवलं. मी विहिरीवर बाटली भरून बर्फात ठेवत होते आणि अक्का त्याच पाण्याची घागर डोक्यावर घेऊन घराकडे चालल्या होत्या. जाता जाता माझ्या पेटीकडे बघून त्यांनी हात जोडले. देवीला जोडावेत तसे जोडले. मला तेव्हा फार अवघडल्यासारखं झालं.

अहवाल आला. एका ओळीत. आढळले नाही.

किती सुटसुटीत शब्द आहेत हे! सरकारी कागदावर यांच्याइतकं गोंडस दुसरं काही छापलं जात नसेल. मला आनंद व्हायला हवा होता, आणि क्षणभर झालाही. पण मला वाफ्यातली रोपं आठवत होती. मी प्रयोगशाळेला फोन लावला. तणनाशक जमिनीत पडलं की ऊन, पाणी, मातीतले जंतू त्याची हळूहळू मोडतोड करतात आणि त्यातून दुसरे पदार्थ तयार होतात. मूळ औषध संपलं तरी हे मागे उरतात, पाण्यात उतरतात आणि पुष्कळदा मूळ औषधापेक्षा जास्त टिकतात. ते शोधले का, असं मी विचारलं. पलीकडचे गृहस्थ फार सज्जनपणे म्हणाले, "मॅडम, यादीत मूळ औषधच आहे. यादीत जे आहे तेच आम्ही शोधतो."

म्हणजे दह्याच्या गाडग्यात दूध शोधायचं आणि सापडलं नाही की गाडगं रिकामं म्हणून लिहून मोकळं व्हायचं! कुठलीही बाई, जिनं आयुष्यात एकदा तरी विरजण लावलं आहे, ती या कारभाराला हसेल. मी हसले नाही. मी फोन आपटला. फोन माझाच होता.

मग तालुक्याला बैठक झाली. लोकांना तपासणीचे निष्कर्ष सांगायचे म्हणून गावोगावची माणसं बोलावली होती. टेबलावर गुलाबाचा गुच्छ आणि साहेबांसमोर बाटलीबंद पाणी. साहेब म्हणाले की तपासलेल्या सर्व विहिरींचं पाणी निर्धोक आहे. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून अक्का उठल्या, पदर सावरला आणि विचारलं, "साहेब, मन्ही विहीर रस्तावर शे. हाई पानी पेवानं का नही?" साहेब हसून म्हणाले, "अक्का, आत्ताच सांगितलं ना? बिनधास्त प्या." आणि समोरच्या बाटलीचं झाकण फिरवून दोन घोट घेतले. मी त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले होते. उभी राहून मी मोडतोडीची गोष्ट सांगायला लागले, तेव्हा माईक माझ्यापर्यंत आला नाही. पोहोचलाच नाही. पुढच्या रांगेतल्या कुणाला तरी आभार मानायचे होते.

माझी एक वर्गमैत्रीण दुसऱ्या राज्यात एका संस्थेत आहे. तिच्याकडे ते उरलेले पदार्थ शोधायची सोय होती. कानबाईच्या दिवशी मी एक बाटली जादा भरून ठेवली होती, ती तिला पाठवली. तिनं फोनवर सांगितलं, आहे. मक्यात मारायच्या औषधाचं मोडून झालेलं आहे, आणि अगदी नजरचुकीनं दिसावं इतकं थोडंही नाही.

मी ते घेऊन पुन्हा त्याच कार्यालयात गेले. यावेळी साहेब हसले नाहीत, कंटाळले. "मॅडम, या पदार्थाची पिण्याच्या पाण्यातली मर्यादाच आपल्याकडे ठरलेली नाही. मर्यादाच नाही, तर मर्यादेबाहेर आहे असं आम्ही म्हणायचं कसं?" मी विचारलं, मग मर्यादेत आहे असं तरी कसं म्हणता? यावर त्यांनी घड्याळ बघितलं. वर सांगितलं की योजनेची मुदत संपली आहे, पेट्या आणि उरलेल्या बाटल्या जमा करा. एक पावसाळा! जमिनीवर पडलेलं खाली उतरायला कधी महिने लागतात, कधी वर्षं. या पावसाळ्यात फवारलेलं कुठल्या पावसाळ्यात कुणाच्या घागरीत येईल, हे वर्षानुवर्षं बघत बसल्याशिवाय कळत नाही. आणि आम्ही एकदा डोकावून बघितलं, चुकीची वस्तू शोधली आणि झाकण लावून घरी आलो. शेतकऱ्याला काय सांगायचं? मजूर मिळत नाहीत, निंदणी परवडत नाही, दुकानदार म्हणतो मारा, मोबाइलवरची जाहिरात म्हणते मारा, तो मारतो. ज्यानं विकलं त्याला खाली काय उरतं ते ठाऊक असायला हवं. ज्यानं विकायची परवानगी दिली त्यानं बघायला हवं. ही दोन्ही माणसं मला त्या पावसाळ्यात एकाही विहिरीच्या काठावर भेटली नाहीत.

अक्कांना मी जाऊन सगळं सांगितलं. मूळ औषध नाही, त्याचं मोडून झालेलं आहे. ते किती वाईट, हे नेमकं मला सांगता येत नाही, पण माझ्या मुलीला मी हे पाणी देणार नाही. अक्का विहिरीकडे वळल्या.

"म्हंजे मरी गया, पन गया नही," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम, "मंग इतला दिन मी बायास्ले काय पाजं?"

मी म्हटलं, अक्का, यात तुमचा काय दोष? त्यांनी ऐकलंच नाही. बायांसमोर वाकून, धार तुटू न देता पाजलेलं ते पाणी त्यांना एकेका ओंजळीसकट आठवत असावं. ज्यांना हे आठवायला हवं होतं, ते तालुक्याला सुखानं जेवून झोपत होते. लाज वाटली ती या बाईला.

पुढच्या वर्षी कानबाईला त्यांनी मला रोटांच्या दिवशी मुद्दाम बोलावलं. चुलीशेजारी निळा प्लॅस्टिकचा जार होता, गावात गाडीवरून येतो तो. पीठ त्याच पाण्यात भिजत होतं. "कानबाईले जारनं पानी," एवढंच अक्का म्हणाल्या आणि परातीकडे वळल्या. त्यानंतर एकेक करत निंदणाऱ्या बायाही प्लॅस्टिकच्या बाटल्या घेऊन येऊ लागल्या. बाटली बांधावर उभी करायची, तहान लागली की स्वतः उठून प्यायची. कळशी अक्कांनी माळ्यावर टाकली.

परवा एस.टी.तून उतरून मी त्यांच्याचकडे गेले. विहिरीजवळून जाताना बघितलं, पाणी काठोकाठ आलं होतं, निवळशंख, उंबराची फांदी त्यात जशीच्या तशी दिसत होती. शेजारचा मका डुलत होता आणि बांध पिवळा होता. अक्का ओसरीवर बसल्या होत्या. आता गुडघे धरतात, ऐकूही कमी येतं. त्यांनी मला खाटेवर बसवलं, हाताला हात लावला, मुलीचं विचारलं. आपल्याकडे पाहुणा टेकला की पहिल्यांदा तांब्या येतो, मग गप्पा. मी नकळत त्या तांब्याची वाट बघत होते. तो आला नाही. जारची गाडी दोन दिवस चिखलामुळे आली नव्हती. अक्कांनी माझ्या पिशवीकडे बघितलं.

"पानी लई उनी ना वं, घरथून?"

अनोळखी बाईला बांधावर उभं करून पाणी पाजणारी ही बाई. घरून आणलेली पाण्याची बाटली मी काढून दिली. त्यांनी झाकण उघडलं, पण तोंडाला लावली नाही.

"हाई तपासेल शे?"

आमच्या नळाला नदीचं पाणी येतं. नदीला आजूबाजूच्या सगळ्या वावरांचं मिळतं. दोन जिल्ह्यांतल्या विहिरींवर बाटल्या घेऊन हिंडले, पण माझ्या घरच्या नळात मोडून झालेलं काय उतरतं, हे आजवर ना कुणी शोधलं, ना कुणाच्या यादीत आलं.

"नाही, अक्का."

त्यांनी बाटली उजव्या हातात घेतली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हात धर." मी ओंजळ तोंडाशी धरली. अक्का वाकल्या आणि वरून बारीक धार सोडली. मी मान हलवेपर्यंत त्यांनी धार तुटू दिली नाही.

मी प्यायले. त्या पाण्याला कसलीच चव नव्हती.